पाणी उकळायचं की आरओ बसवायचा?

पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी हात घालून काढता येईल इतकं वर येतं आणि गढूळही होतं. मग घरात दरवर्षीचा वाद: उकळायचं, की शेजाऱ्यांसारखा आरओ बसवायचा?

आरओचं खरं काम पाण्यातले क्षार काढणं. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मुळात हलकं. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. क्षारच कमी, तर मशीन काढणार काय? वर बरंचसं पाणी नळीवाटे वाया. मिरगाच्या वाऱ्यात लाईट गेली की तेही गप्प. खाडीकाठी मात्र मे महिन्यात विहिरी मचूळ होतात. उकळून खारटपणा जात नाही, तिथे आरओच हवा.

बाकी दूषित पाण्यातून येणारी कावीळ, टायफॉइड, जुलाब यांचे जंतू उकळीने मरतात. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरे. १० मिनिटं गॅस जाळू नका. गाळ असेल तर आधी सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळून घ्या. आमच्याकडे रात्रीची जेवणं आटपली की टोप चढतो, सकाळपर्यंत पाणी गार.

घोळ होतो तो पुढे. झाकून ठेवलेल्या पाण्यात कुणीतरी बोटांसकट पेला बुडवतो, की सगळी मेहनत पाण्यात! लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाहीतर सरळ तोटीचं पिंप.