तिकीट कशाचं काढायचं: रेंजर्सशी भांडण की मॅकडेव्हिडचं वर्षातलं एकमेव दर्शन?

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटची गाडी धरली की थेट न्यूअर्क पेन स्टेशन, आणि तिथून प्रुडेन्शियल सेंटर पायी गाठता येतं. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात न्यू जर्सी डेव्हिल्स या आइस हॉकी संघाचे घरचे ४१ सामने तिथे होत आलेत. दोघं नोकरी करणारे, मुलांची शाळा, शनिवारी मराठी शाळा आणि रविवारी कुणाची तरी मुंज किंवा वाढदिवस अशा घराला त्यातले फार तर दोन जमतात. मग दरवर्षी तोच पेच: शेजारच्या न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धचा सामना घ्यायचा, की कॅनडाचे एडमंटन ऑयलर्स येतील तेव्हा त्यांच्या कॉनर मॅकडेव्हिडला डोळे भरून बघायचं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. संघाच्या नावावर जाऊ नका, तारखेवर जा. खुन्नस प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या मालिकांत, जन्माला येते. वेळापत्रक तिला फक्त ऊन देतं किंवा गारठवतं. हे नीट कळायला एनएचएलने, म्हणजे हे संघ खेळतात त्या लीगने, गेल्या वीस वर्षांत वेळापत्रकाशी काय काय खेळ केले ते बघावं लागेल.

किती वेळा भेटायचं, याचा हिशेब

२००४-०५चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात पूर्ण बुडाला. परत येताना लीगने ठरवलं की चाहत्यांना शेजाऱ्यांची भांडणं भरपूर दाखवायची. लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात; प्रत्येकात संघांचे आणखी छोटे गट, त्या डिव्हिजन. तेव्हापासूनचा आलेख पूर्वेकडच्या संघांच्या बाजूने असा दिसतो:

| हंगाम | डिव्हिजनमधल्या एका संघाशी सामने | दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या एका संघाशी |
|---|---|---|
| २००५-०६ ते २००७-०८ | ८ | दहा संघांशी १, उरलेल्या पाचांशी एकही नाही |
| २००८-०९ ते २०११-१२ | ६ | १, तिघांशी २ |
| २०१३-१४ ते २०१९-२० | ४ किंवा ५ | २ |
| २०२१-२२ ते २०२५-२६ | ३ किंवा ४ | २ |
| २०२६-२७ पासून | ४ | २ |

मधले दोन हंगाम अपवाद आहेत. २०१२-१३ पुन्हा मालक-खेळाडूंच्या भांडणाने ४८ सामन्यांवर आला आणि त्यात पूर्व-पश्चिम गाठच पडली नाही. २०२०-२१ कोविडचा, ५६ सामन्यांचा; त्यावर पुढे येतो.

आठ-आठ सामन्यांच्या त्या पहिल्या काळात काय झालं? सिडनी क्रॉस्बी २००५च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गकडून खेळायला लागला. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली तो पोरगा. पण एडमंटन, कॅल्गरी आणि व्हँकुव्हरच्या लोकांना तो आपल्या गावात दिसला डिसेंबर २००७मध्ये, म्हणजे त्याच्या तिसऱ्या हंगामात! कॅनडाचा सर्वांत मोठा हॉकीपटू कॅनडाच्याच पश्चिमेला दोन वर्षं फक्त टीव्हीवर. इकडे पूर्वेत डेव्हिल्स आणि शेजारचेच न्यूयॉर्क आयलंडर्स वर्षातून आठ वेळा समोरासमोर. पाचव्या-सहाव्या वेळेला कुणाला काय उत्साह राहणार? शेजारी रोजच भांडायला लागले की गल्लीतली माणसं खिडक्या उघडेनाशी होतात.

म्हणून २००८मध्ये आठाचे सहा झाले आणि २०१३मध्ये नियमच झाला की प्रत्येक संघ दरवर्षी प्रत्येक शहरात जाईल. मॅकडेव्हिड न्यूअर्कला दरवर्षी येतो तो याच नियमामुळे. येतो मात्र एकदाच.

भांडणाच्या बाजूने

डेव्हिल्स-रेंजर्स हे हडसन नदीच्या दोन काठांचं वैर. १९९४च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये सहाव्या सामन्याआधी रेंजर्सचा कर्णधार मार्क मेसियेने ‘आज आम्ही जिंकणारच’ असं जाहीर सांगितलं आणि तीन गोल करून शब्द खरा केला. सातव्या सामन्यात दुसऱ्या जादा वेळेत स्टेफान मातोच्या गोलने डेव्हिल्स बाहेर गेले. ती जखम न्यू जर्सीत अजून ओली आहे. २०२३च्या पहिल्या फेरीत डेव्हिल्सनी सात सामन्यांत रेंजर्सना घरी पाठवलं तेव्हा जुन्या चाहत्यांनी उट्टं निघाल्यासारखा जल्लोष केला.

आता त्याच्या पुढचा हंगाम बघा. २०२३-२४मध्ये दोघांचे चार सामने होते. पहिला नोव्हेंबरात झाला. पण उरलेले तीन सहा आठवड्यांत आले: २२ फेब्रुवारी, ११ मार्च, ३ एप्रिल. रेंजर्सचा नवा, साडेसहा फुटांहून उंच मॅट रेम्पी २२ फेब्रुवारीला नेथन बॅस्टियनला दिलेल्या धडकेमुळे सामन्याबाहेर काढला गेला. ११ मार्चला त्याच रेम्पीचं कोपर योनास झीगेनथालरच्या डोक्याला लागलं आणि त्याला चार सामन्यांची बंदी झाली. त्या संध्याकाळी डेव्हिल्सचा कर्टिस मॅकडर्मिड त्याला ग्लव्ह्ज काढून मारामारीला ये म्हणत होता, रेम्पी तयार झाला नाही. ३ एप्रिलला रेंजर्सच्या घरी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पंचाने पक, म्हणजे खेळायची चकती, खाली टाकला आणि त्याच क्षणी बर्फावरचे दहाही स्केटर एकमेकांशी भिडले. आठ जणांना बाहेर काढलं गेलं. हॉकीच्या नावाने तोवर एक पासही झाला नव्हता.

मारामारी चांगली की वाईट हा वेगळा वाद. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तो घरी करावा. इथे मुद्दा एवढाच की २२ फेब्रुवारीची आठवण ११ मार्चला ताजी होती आणि ११ मार्चची ३ एप्रिलला. हेच तीन सामने ऑक्टोबर, डिसेंबर आणि एप्रिल असे पसरले असते तर रेम्पी प्रकरण बातमीत विरून गेलं असतं.

याची उलटी बाजू बघायला पश्चिमेत जावं लागतं. अल्बर्टा प्रांतातले दोन संघ, एडमंटन ऑयलर्स आणि कॅल्गरी फ्लेम्स, मे २०२२मध्ये प्लेऑफमध्ये भिडले. १९९१ नंतर पहिल्यांदा! अख्खा प्रांत पेटला; एडमंटनने पाच सामन्यांत मालिका जिंकली. आता पुढच्या हंगामात या वैराची फोडणी चढत जायला हवी होती. लीगने काय दिलं? २०२२-२३मध्ये दोघांचे तीनच सामने: दोन ऑक्टोबरात आणि तिसरा २७ डिसेंबरला. नवीन वर्ष उजाडायच्या आत ‘बॅटल ऑफ अल्बर्टा’ संपलं. तीस वर्षांनी तापलेलं लोखंड कुणी हातोडा न मारता पाण्यात घातलं, याचा राग तिथल्या लोकांना आला तर नवल नाही.

आणि हेच दोन संघ दोन वर्षांपूर्वी कॅलेंडरच्या कृपेने कसे पेटले होते! ११ जानेवारी २०२०ला कॅल्गरीच्या मॅथ्यू कचकच्या धडकांनी चिडलेल्या एडमंटनच्या झॅक कॅसियनने त्याला धरून बदडलं. दोन सामन्यांची बंदी. मध्ये ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याची, सुट्टी आली आणि कॅसियनचा परतीचा सामना २९ जानेवारीला नेमका कॅल्गरीशीच निघाला. तीन दिवसांनी, १ फेब्रुवारीला, पुन्हा तेच दोघे; त्या रात्री दोन्हीकडचे गोलकीपरसुद्धा आपापली जाळी सोडून एकमेकांवर धावले. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी आदल्या उन्हाळ्यात तारखा टाकल्या तेव्हा यातलं काहीच त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता. नशीब.

तारखा अशा नशिबावर का पडतात, याचं कारण साधं आहे. प्रत्येक संघ आधी आपलं स्टेडियम कधी मोकळं आहे ते लीगला कळवतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बास्केटबॉलचा निक्स संघ खेळतो, मैफली असतात. त्या भोकांमधून ३२ संघांचा प्रवास ओवायचा, वर टीव्हीवाल्यांच्या मागण्या. त्यात ‘या दोघांची गेल्या वसंतात वाजली होती’ हा विचार अनेकदा शेवटी येतो.

पाहुण्याच्या बाजूने

मग मॅकडेव्हिडसाठी पैसे का खर्चावेत? कारण त्याचा वेग टीव्हीवर कळत नाही. कॅमेरा पकच्या मागे फिरतो, आणि हा माणूस पक येण्याआधी कुठून कुठे सरकतो ते फक्त वरच्या रांगेतून दिसतं. पहिल्यांदाच आइस हॉकी बघणाऱ्याला, विशेषतः क्रिकेटवर वाढलेल्याला, खेळ समजायला हा सामना जास्त सोपा जातो. रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात अर्धं स्टेडियम निळ्या जर्सीवाल्यांचं असतं, घोषणा कुणाच्या आणि कशाच्या हे कळेपर्यंत पहिला पिरियड संपतो.

शिवाय न्यूयॉर्क परिसरात तीन संघ आहेत. डेव्हिल्सकडचा सामना हुकला तरी तोच पाहुणा रेंजर्सकडे मॅनहॅटनला आणि आयलंडर्सकडे एल्मॉंटला येणारच, आणि बरेचदा एकाच दौऱ्यात. म्हणजे ‘वर्षातून एकदा’ हे आपल्यासाठी प्रत्यक्षात वर्षातून तीनदा. एडमंटनच्या चाहत्याला डेव्हिल्स असे तीनदा दिसत नाहीत.

यात एक खोट आहे. पाहुणा संघ लागोपाठ दोन रात्री खेळत असेल तर दुसऱ्या रात्री बहुधा राखीव गोलकीपर उतरतो आणि संघाचे पाय जड असतात. वेळापत्रकात आदल्या रात्री तो संघ कुठे होता ते बघूनच तिकीट घ्या. या एका तपासणीने पैसे वाया जायचे वाचतात.

सामन्याला धार किती हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या कॉन्फरन्सचा संघ तुमच्या प्लेऑफच्या शर्यतीत नसतो. हरला-जिंकला तरी तुमच्या गुणतक्त्यातला शेजारी हलत नाही. डेट्रॉइट आणि कोलोरॅडोचं उदाहरण बोलकं आहे. नव्वदच्या दशकातलं सर्वांत रक्तबंबाळ वैर ते हेच. १९९६ ते २००२ या काळात पाच वेळा प्लेऑफमध्ये गाठ पडली. दोघे एका डिव्हिजनमध्येही नव्हते, नियमित हंगामात मोजकेच सामने व्हायचे, तरी लोक वेडे व्हायचे. कारण प्लेऑफ. मग २०१३मध्ये डेट्रॉइट पूर्वेत गेलं, अंतिम फेरीशिवाय प्लेऑफमध्ये गाठ पडण्याचा मार्गच बंद झाला, आणि आज तो वर्षातून दोनदा होणारा साधा सामना आहे.

नुसती संख्या वाढवली तर?

२०२०-२१ने हा प्रयोग फुकटात करून दाखवला. सीमा बंद होती म्हणून कॅनडाच्या सातही संघांची एकच डिव्हिजन केली. एडमंटन-कॅल्गरी दहा वेळा भेटले. रिकाम्या स्टेडियममध्ये, त्याच त्या चेहऱ्यांसमोर. मला तरी त्या दहातले फारसे आठवत नाहीत. आठवते ती त्या वर्षीची टोरंटो-मॉन्ट्रियल मालिका, १९७९ नंतरची त्यांची पहिली. टोरंटो ३-१ने पुढे होतं आणि सातव्या सामन्यात हरलं. पुन्हा प्लेऑफच.

२०२६-२७पासून हंगाम ८४ सामन्यांचा होतोय. वाढलेले दोन्ही सामने डिव्हिजनमध्ये गेले, म्हणजे डेव्हिल्स-रेंजर्स दरवर्षी चार वेळा पक्के. तीनवर घसरण्याची भीती गेली, हे उत्तम. पण चार सामने ऑक्टोबरातच उरकले तर त्याचा उपयोग नाही.

तिसरा पर्याय लोक विसरतात. महिलांची पीडब्ल्यूएचएल लीग जानेवारी २०२४मध्ये सहा संघांनी सुरू झाली. न्यूयॉर्क सायरन्सचं घर प्रुडेन्शियल सेंटरच. संघ मोजके असल्याने त्याच संघांची गाठ वारंवार पडते, वैरं झपाट्याने रुजतात; पहिल्याच हंगामात मॉन्ट्रियलमध्ये टोरंटोविरुद्धच्या सामन्याला २१,१०५ प्रेक्षक होते. दहा वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदा जायचं असेल तर मी आधी हेच सुचवेन.

आणि एकच एनएचएल सामना परवडणार असेल तर? बर्फावर कोण कोण आहे ते अजून ओळखता येत नसेल, तर पश्चिमेचा पाहुणा घ्या, पण आदल्या रात्री न खेळलेला. एक-दोन हंगाम टीव्हीवर बघून झाले असतील, तर जुलैमध्ये वेळापत्रक आलं की रेंजर्स, फिलाडेल्फियाचे फ्लायर्स, आयलंडर्स यांच्या चारही तारखा वहीत एका ओळीत लिहा. फेब्रुवारीनंतर दोन तारखा जवळजवळ पडल्या असतील, तर त्यातली दुसरी घ्या, आणि ती न्यूअर्कला आहे का ते तपासा. गार्डनचं तिकीट महाग पडतं, आणि तिथे डेव्हिल्सची लाल जर्सी घालून बसायला जरा छाती लागते.