मॅनेजर ठेवायचा की बदलायचा? पाच क्लबांचे हिशेब शेजारी शेजारी

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचे दोन हंगाम आधी शेजारी ठेवू. २०२०च्या नाताळाच्या तोंडावर आर्सेनल १४ सामन्यांत १४ गुणांवर, पंधराव्या स्थानी होता. मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, मिकेल आर्टेटाला काढा, ही मागणी जोरात होती. क्लबने त्याला ठेवलं आणि उरलेल्या २४ सामन्यांत ४७ गुण मिळवले. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ॲस्टन व्हिला ११ सामन्यांत ९ गुणांवर, सतराव्या स्थानी होता. फुलहॅमकडून ०-३ हरल्यावर त्याच रात्री स्टीव्हन जेरार्डला काढलं, उनाय एमरीला आणलं आणि एमरीने २५ सामन्यांत ४९ गुण काढले. निर्णय उलट, पण सामन्यामागची सरासरी दोन्हीकडे सारखीच: १.९६.

म्हणून ‘धीर धरा’ किंवा ‘हाकला’ यापैकी कुठल्याही एका बाजूला कायमचं उभं राहणं चुकीचं आहे. मॅनेजरच्या नावाने दोन तट पडलेल्या क्लबचे तुम्ही चाहते असाल आणि कुठे उभं राहायचं ते ठरवत असाल, तर खालचे पाच हिशेब बघा. गुण फक्त लीगचे आहेत.

| क्लब, हंगाम | निर्णय | आधी | नंतर | शेवटचं स्थान |
|---|---|---|---|---|
| आर्सेनल २०२०-२१ | आर्टेटाला ठेवलं | १४ सामने, १४ गुण | २४ सामने, ४७ गुण | ८ |
| चेल्सी २०२०-२१ | लॅम्पार्ड गेला, टुकेल आला | १९ सामने, २९ गुण | १९ सामने, ३८ गुण | ४ |
| व्हिला २०२२-२३ | जेरार्ड गेला, एमरी आला | ११ सामने, ९ गुण | २५ सामने, ४९ गुण | ७ |
| साउदम्प्टन २०२२-२३ | हासनह्युटल गेला, दोनदा बदल | १४ सामने, १२ गुण | २४ सामने, १३ गुण | २० |
| मँचेस्टर युनायटेड २०२४-२५ | टेन हाग गेला, अमोरिम आला | ९ सामने, ११ गुण | २७ सामने, २७ गुण | १५ |

(व्हिला आणि मँचेस्टर युनायटेडचे मधले दोन-दोन सामने हंगामी, म्हणजे तात्पुरत्या, मॅनेजरच्या हाताखाली झाले. ते इथे धरलेले नाहीत.)

‘नवा आला आणि सुधारलं’ हा पुरावा का पुरत नाही

मॅनेजर जातो तेव्हा संघ बहुतेक वेळा तळाला टेकलेला असतो. तीन-चार चेंडू खांबाला लागलेले असतात, दोन प्रमुख खेळाडू जायबंदी असतात, सामने बलाढ्य संघांशी झालेले असतात. त्यातलं बरंचसं पुढच्या दोन महिन्यांत आपोआप सरळ होतं आणि श्रेय नव्या माणसाच्या पदरात पडतं. डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या निकालांवर अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी हेच तपासलं. मॅनेजर बदललेले संघ आणि तेवढ्याच वाईट घसरणीनंतरही न बदललेले संघ त्यांनी शेजारी ठेवले. दोन्ही गट सावरले होते, आणि बदललेल्यांना त्यातून वेगळा फायदा झालेला दिसला नाही.

त्यामुळे पाच-सहा निकालांवरून मत बनवू नका. निदान १५ सामने घ्या आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या बघा: संघ किती आणि कुठून संधी निर्माण करतो, समोरच्याला किती आणि कुठून फटके मारू देतो, आणि प्रमुख खेळाडूंपैकी किती जण उपलब्ध होते. अपेक्षित गोलांचा आकडा, म्हणजे एक्सजी (मिळालेल्या संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज), पहिल्या दोन प्रश्नांसाठी चांगला आहे. पण एका सामन्याचा एक्सजी फसवतो. दहा सामन्यांची सरासरी वर जातेय की खाली, तेवढंच त्यातून वाचावं.

भोक कुठे आहे, आणि ते बुजतंय का

आर्टेटा ठेवण्यासारखा होता हे २०२०च्या डिसेंबरमध्येही दिसत होतं, फक्त गुणतक्त्यात दिसत नव्हतं. आर्सेनलचा आजार गोल करण्याचा होता: १४ सामन्यांत १२ गोल. बचाव मात्र घट्ट होत चालला होता. आदल्या लीग हंगामात ४८ गोल खाल्लेल्या संघाने हा हंगाम ३९ वर संपवला आणि लीगमध्ये त्याहून कमी गोल फक्त दोन संघांनी खाल्ले. मधली फळी आणि आघाडी यांच्यातली जागा रिकामी पडत होती. २६ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध तिथे एमिल स्मिथ रो उभा राहिला, संघ ३-१ जिंकला, आणि जानेवारीत त्याच जागेसाठी मार्टिन ओडेगार्डला उसना आणला. एका जागेचा प्रश्न एका खेळाडूने सुटतो. तेवढ्यासाठी मॅनेजर बदलण्याची गरज नसते.

आता एरिक टेन हागचा २०२३-२४ बघा. युनायटेड आठवा आला, ६० गुण, १४ पराभव, गोलफरक उणे १. त्या हंगामात समोरच्या संघांनी युनायटेडच्या गोलवर ६६० हून अधिक फटके मारले. कारण दर आठवड्याला तेच होतं. आघाडीचे खेळाडू पुढे जाऊन चेंडू हिसकावायला धावत, बचावफळी मात्र मागेच राहत असे. मधल्या मोठ्या मोकळ्या पट्ट्यात मधल्या फळीतला एकटादुकटा खेळाडू पळत राहायचा. दुखापतींची सबब खोटी नव्हती. टायरेल मलासिया त्या हंगामात एकही सामना खेळला नाही आणि ल्यूक शॉही बराच काळ बाहेर होता, म्हणजे डाव्या बाजूचे दोन्ही बचावपटू गेले. पण मधला पट्टा ऑगस्टमध्ये उघडा होता आणि मेमध्येही उघडाच होता. नऊ महिने एकच भोक दिसतं आणि मॅनेजर ते बुजवत नाही, तेव्हा दुखापतींच्या यादीमागे लपता येत नाही.

तरीही त्याला ठेवलं, कारण २५ मे २०२४ला युनायटेडने एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं. बाद फेरीच्या स्पर्धेत पाच-सहा सामने असतात, लीगमध्ये ३८. मॅनेजरचं मोजमाप लीगमध्येच होतं. टॉटनहॅमने पुढच्या वर्षी नेमकं उलट केलं. अँज पोस्टेकोग्लूने युरोपा लीग जिंकून दिल्यावर सोळा दिवसांत त्याला काढलं, कारण लीगमध्ये संघ २२ सामने हरून सतरावा आला होता. त्या निर्णयाने चाहते दुखावले, आणि १७ वर्षांनी करंडक आलेला असताना ते दुखावणारच. पण हिशेब योग्य तक्त्यावरून केला होता.

डावपेच एकच, निकाल दोन

सगळ्यात शिकण्यासारखी जोडी चेल्सी आणि युनायटेडची आहे. दोन्हीकडे नवा मॅनेजर हंगामाच्या मध्यात आला आणि दोघांनीही मागे तीन बचावपटू व बाजूंना विंगबॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे खेळाडू) अशी मांडणी लावली.

थॉमस टुकेलची नेमणूक २६ जानेवारी २०२१ची आणि पहिला सामना दुसऱ्याच दिवशी, वुल्व्हजविरुद्ध ०-०. सरावाला वेळ जवळपास मिळालाच नाही. पण माणसं घरातच होती. आझपिलिक्वेता आणि मार्कोस अलोन्सो हे २०१६-१७ मध्ये अँतोनियो काँतेच्या तीनच्या बचावफळीत खेळून लीग जिंकलेले. अँटोनियो रुडिगर पुढच्या हंगामात त्याच पद्धतीत खेळलेला. विंगबॅकसाठी चिलवेल आणि रीस जेम्स होते. त्याआधीच्या उन्हाळ्यात खेळाडूंवर २० कोटी पौंडांहून अधिक खर्च झालेला होता. लॅम्पार्डच्या १९ सामन्यांत चेल्सीने २३ गोल खाल्ले होते, टुकेलच्या १९ मध्ये १३ खाल्ले. २९ मे रोजी पोर्तोमध्ये सिटीला १-० हरवून चॅम्पियन्स लीगही जिंकली. टुकेल त्या वेळी मोकळा होता, त्यामुळे कुठल्या क्लबला भरपाई द्यावी लागली नाही.

रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा युनायटेडकडे त्याच्या ३-४-३ साठी (तीन बचावपटू, चार मधल्या फळीत, तीन आघाडीला) खरा विंगबॅक एकही नव्हता. डावीकडे डिओगो दालो हा उजव्या पायाचा बॅक, उजवीकडे कधी मझरावी, कधी अमाद हा मुळातला विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा आघाडीचा खेळाडू. रॅशफर्ड आणि अँटनीसारख्या विंगरांना या मांडणीत नैसर्गिक जागाच नव्हती. जानेवारीच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीत दोघे उसने बाहेर गेले. पॅट्रिक डोर्गू लेचेहून आला तोवर हंगामाचा मोठा भाग संपला होता. टेन हाग गेला तेव्हा सामन्यामागे १.२२ गुण होते. अमोरिमच्या २७ सामन्यांत ते १.०० वर आले, आणि संघ ४२ गुणांवर पंधरावा राहिला.

अमोरिम वाईट प्रशिक्षक होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. स्पोर्टिंगला त्याने दोनदा पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. पण ‘आपला मॅनेजर चांगला आहे का’ एवढाच प्रश्न विचारला की उत्तर अर्धवट येतं. ‘अमुक एक माणूस, आहे त्याच ११ ते १५ खेळाडूंना घेऊन, पुढच्या शनिवारपासून काय खेळवील?’ हे विचारायला हवं. एक कागद घ्या, येणाऱ्याची आवडती मांडणी काढा, आपल्या खेळाडूंची नावं भरा. तीनपेक्षा जास्त जागी खेळाडू आपली जागा सोडून उभा असेल, तर तो बदल उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा. एमरी व्हिलात यशस्वी झाला त्याचं एक मोठं कारण हेच: त्याने आहे त्याच संघाला चार बचावपटूंची, नीट आखलेली मांडणी दिली आणि पहिल्याच सामन्यात युनायटेडला ३-१ हरवलं.

साउदम्प्टनमध्ये हा कागद कोणी काढला असेल असं वाटत नाही. हासनह्युटलनंतर ल्यूटनहून नेथन जोन्स आला, लीगचे आठपैकी सात सामने हरला आणि फेब्रुवारीत गेला. दुसरा बदलही संघाला वाचवू शकला नाही.

पैसा

पैशाचा मुद्दा चाहते सहसा सोडून देतात. टेन हागचा करार २०२५ मध्ये संपत होता. जुलै २०२४ मध्ये तो एक वर्षाने वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना १.०४ कोटी पौंड द्यावे लागले. अमोरिमला करारातून आणि नोटिशीतून सोडवण्यासाठी स्पोर्टिंगला १.१ कोटी युरो गेले. त्याहून मोठा खर्च मधल्या उन्हाळ्याचा: झिर्कझे, योरो, डि लिख्त, मझरावी, उगार्ते या पाच जणांवर १८ कोटी पौंडांच्या आसपास, आणि तेही चार बचावपटूंच्या मांडणीसाठी. लीगच्या तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालायचा, आणि मॅनेजरला दिलेली भरपाई त्या तोट्यातून वगळली जात नसे. म्हणजे काढण्याचा पैसा थेट पुढच्या खेळाडूच्या पैशातून जातो.

ठेवणं आणि बदलणं या दोन वाटांच्या मध्ये ही तिसरी वाट आहे आणि तीच सगळ्यात महाग पडते: मनातून विश्वास उडालेला असताना ठेवायचं, त्याच्या पसंतीचे खेळाडू घ्यायचे, आणि नवव्या सामन्यानंतर काढायचं. आर्सेनलने ठेवलं ते पूर्ण ठेवलं. २०२१-२२ चे पहिले तीन सामने एकही गोल न करता हरून संघ तळाला गेला तेव्हाही निर्णय बदलला नाही. त्या उन्हाळ्यात घेतलेले रॅम्सडेल, व्हाइट, टोमियासू, ओडेगार्ड हे सगळे २३ किंवा त्याहून लहान होते. हंगाम पाचव्या स्थानी संपला, पुढचा ८४ गुणांसह दुसऱ्या.

हंगामी मॅनेजर कधी

थोडे सामने उरलेत, खेळाडू चांगले आहेत आणि बिघाड डावपेचांत नसून नात्यांत आहे, अशा वेळी हंगामी माणूस योग्य. याचं उत्तम उदाहरण फातोर्ड्याच्या प्रेक्षकांनी पाहिलं आहे. २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमध्ये साखळीचे तीन सामने बाकी असताना एफसी गोवाने सर्जियो लोबेराला निरोप दिला आणि सूत्रं गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडाकडे दिली. मिरांडाने संघाची मांडणी उलटीपालटी केली नाही. हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२, जमशेदपूरला ५-० हरवून गोव्याने लीगची शील्ड (साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाचा करंडक) आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणाऱ्या पहिल्या भारतीय क्लबचा मान मिळवला. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनकडून दोन सामन्यांत मिळून ५-६ असा पराभव झाला. तयार गाडी चालवणं जमलं, पण चेन्नईतल्या १-४ च्या पराभवातून दुसऱ्या सामन्यात पुरतं सावरता आलं नाही.

हंगामी माणसाचे निकाल बघून त्यालाच कायम करण्याची घाई मात्र करू नये. ओले गुन्नार सोल्शायरने युनायटेडसाठी १९ पैकी १४ सामने जिंकले, २८ मार्च २०१९ला त्याला कायम केलं, आणि हंगामाच्या उरलेल्या दहा सामन्यांत फक्त दोन जिंकले. क्लबने मेपर्यंत थांबायला हवं होतं. त्याचा हंगामी करार हंगामाच्या शेवटापर्यंतचाच होता आणि थांबण्याचा वेगळा खर्च काहीच नव्हता.

तारीख बघून बोला

बदलण्याची सगळ्यात चांगली वेळ मे महिन्याचा शेवट: सहा-सात आठवड्यांचा सराव, पूर्ण ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) आणि मोकळे असलेले जास्त मॅनेजर. त्यानंतर नोव्हेंबरमधली आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी, कारण जानेवारीच्या खरेदीपूर्वी नव्या माणसाला संघ पाहायला सहा आठवडे मिळतात. फेब्रुवारी सगळ्यात वाईट, कारण खरेदी बंद झालेली असते आणि चांगले मॅनेजर दुसरीकडे करारात अडकलेले असतात. तुमच्या क्लबचा संघ फेब्रुवारीत चौदावा असेल, पदावनतीचा, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाण्याचा, धोका नसेल आणि येणाऱ्या माणसाचं नाव कुणालाच सांगता येत नसेल, तर मेपर्यंत ठेवा. पण मेमध्ये जो निर्णय होईल तो खेळाडू घेण्याआधी व्हायला हवा, हा आग्रह चाहत्यांनी आत्तापासून धरावा.