डंपरच्या टायरचा ताप कोण नीट मोजतं? झाकणावरचे, रिमवरचे आणि आत चिकटवायचे सेन्सर

निकाल आधीच सांगतो. टायरचा दाब आणि तापमान मोजायला शंभर टनी डंपरसाठी व्हॉल्व्हच्या झाकणावर बसणारे सेन्सर घेऊ नका. टायरच्या आत, लायनरला म्हणजे आतल्या रबरी अस्तराला चिकटवलेला सेन्सर घ्या. ते जमत नसेल तर रिमच्या आतल्या बाजूला बसणारा घ्या. झाकणावरचे सेन्सर ग्रेडर, टिपर आणि पाण्याच्या टँकरला पुरतात, तिथे ते जरूर लावा.

कारण समजायला थोडं गणित लागेल. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ भागातल्या खुल्या खाणींत जे मोठे डंपर धावतात, त्यांतल्या शंभर टनी गाडीला २७.००आर४९ मापाचे सहा टायर लागतात, पुढे दोन आणि मागे चार. एकेक टायर सुमारे २.७ मीटर उंच. थंड असताना त्यात साधारण १०० पीएसआय हवा असते. ही हवा २५ अंशांवर भरली आणि शिफ्टमध्ये आतलं तापमान ७० अंशांवर गेलं, तर काट्यावर ११७ दिसतात. एवढी वाढ अगदी नैसर्गिक आहे, त्यात बिघाड काहीच नाही.

आता दुसरा टायर घ्या. याची हवा हळूहळू गळून थंड दाब ८५ वर आला आहे. हाच टायर ७० अंशांवर किती दाखवेल? जवळपास १००. म्हणजे जो टायर पंधरा टक्के कमी हवेवर पळतोय, साइडवॉल जास्त वाकवतोय आणि त्यामुळेच तापतोय, तो पडद्यावर अगदी ठणठणीत दिसतो. नुसता दाब पाहणारी यंत्रणा इथे आंधळी आहे. आतलं खरं तापमान कळलं, तरच ‘हा टायर थंड झाला तर किती दाखवेल’ हे यंत्र काढू शकतं, आणि इशारा त्या आकड्यावर द्यायचा असतो.

झाकणावरचा सेन्सर नेमका इथे चुकतो. तो व्हॉल्व्हच्या टोकाला, बाहेरच्या वाऱ्यात असतो. आत ७० अंश असताना त्याला ४० दिसतात. त्या ४० वरून त्याने थंड दाब काढला की उत्तर येतं ९४ किंवा ९५. इशाऱ्याची मर्यादा दहा टक्क्यांवर लावलेली असली तर दिवा लागतच नाही. टायर ८५ चा आहे, यंत्र ९५ समजतंय आणि ऑपरेटर बिनधास्त तिसऱ्या गिअरमध्ये.

शिवाय झाकणाच्या बऱ्याच यंत्रणा जोडताना टायरमध्ये जो दाब असेल तोच आधार धरतात. अमेरिकेच्या प्रेशरप्रोची पद्धत हीच आहे. सेन्सर फिरवून बसवला की त्या क्षणीचा दाब आधार होतो, त्याच्या साडेबारा टक्के खाली पहिला इशारा आणि पंचवीस टक्के खाली दुसरा. पद्धत सोपी आहे, प्रोग्रामिंगची कटकट नाही. पण ती रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवरच करायची. शिफ्ट संपताना तापलेल्या टायरवर सेन्सर बसवला तर ११७ हा आधार होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० वर असलेला चांगला टायर इशारा देऊन सगळ्यांना वैताग आणतो. दोन-तीनदा खोटा इशारा आला की ऑपरेटर पडदा बंद करून टाकतो. मग यंत्रणा लावून उपयोग शून्य.

झाकणाच्या सेन्सरचे बाकीचे दोष यांत्रिक आहेत. तो व्हॉल्व्ह कोअर, म्हणजे व्हॉल्व्हमधली हवा अडवणारी सुई, कायम दाबून ठेवतो, म्हणजे हवा अडवायचं काम सेन्सरच्या छोट्या रबरी सीलवर येतं. सील धुळीने खराब झालं की जो गळती पकडायला आणला तोच गळतीचं कारण बनतो. बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासणं म्हणूनच सक्तीचं. मागच्या आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लांब एक्स्टेंशन, म्हणजे वाढीव नळी असते. तिच्या टोकावर सेन्सरचं वजन आलं की ती हेलकावे खाते आणि कालांतराने मुळाशी चीर जाते. एक्स्टेंशन रिमला क्लँपने बांधलंच पाहिजे. दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगडही पहिला घाव तिथेच घालतो. हवा भरताना सेन्सर काढावा लागत नाही असा, आरपार भरता येणारा प्रकार मिळतो. झाकणाचाच घ्यायचा असेल तर तोच बघा, कारण काढलेला सेन्सर परत दुसऱ्याच चाकावर जाण्याची शक्यता फार.

रिमवरचा सेन्सर टायरच्या आत असतो, म्हणून आतल्या हवेजवळ असतो. मोठा फायदा असा की टायर बदलला तरी सेन्सर रिमसोबत राहतो. उणीव अशी की त्याला रिमची उष्णताही लागते. कोळशाच्या खड्ड्यातून डंपर भरलेला चढतो आणि रिकामा उतरतो, तिथे ब्रेकचा ताप बेताचा. गडचिरोलीच्या सूरजागडसारख्या डोंगरावरच्या लोहखनिज खाणीत उलट होतं. भरलेली गाडी उतरते, मागचे ब्रेक तापतात, हब तापतो, रिम तापते, आणि सेन्सर हवेपेक्षा जास्त आकडा देऊ शकतो. अशा ठिकाणी मागच्या चारही चाकांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. चारही सारखे वाढले तर ब्रेकचा ताप, एकच वाढला तर तो टायर. दुसरा धोका टायरमनच्या पहारीचा. बीड, म्हणजे रिमला धरणारी टायरची कड, उतरवताना पहार आत गेली की सेन्सर गेलाच. रिमवर बाहेरून रंगाची खूण करा, म्हणजे त्या जागी कोणी पहार घालणार नाही.

लायनरला चिकटवलेला सेन्सर सगळ्यांत खरं तापमान देतो. मिशेलिनची मेम्स यंत्रणा सेन्सर टायरच्या आत ठेवते आणि आकडे केबिनपासून नियंत्रण कक्षापर्यंत पोचवते. मात्र आतला सेन्सर जितका चांगला चिकटवला तितकाच चांगला. आणि चिकटवण्यातच बहुतेक ठिकाणी घोळ होतो.

जागा उत्पादकाने दाखवलेलीच घ्यायची. लायनरवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा थर असतो, त्यावर कोणतंही रबर सिमेंट, म्हणजे चिकटवायचं सोल्युशन, धरत नाही. आधी क्लीनरने पुसून खरवडा, मग हळू फिरणाऱ्या बफरने, मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आतच, पृष्ठभाग मखमलीसारखा मऊ खरखरीत करा. हाय-स्पीड अँगल ग्राइंडरला इथे हात लावू नका, रबर जळून चकचकीत होतं आणि जळलेल्या रबरावर काही चिकटत नाही. लायनर खोलवर घासलं गेलं तर हवा आणि ओल स्टीलच्या तारांपर्यंत जाते. सेन्सर टिकेल, टायर गंजेल. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात तेल आणि पाणी असतं. सिमेंटचा पातळ थर द्या आणि बोटाच्या मागच्या बाजूला चिकट लागेल पण निघणार नाही इतका वाळू द्या. पावसाळ्यात विदर्भातसुद्धा हे वाळायला दुप्पट वेळ लागतो, गोव्यात आणि कोकणात तर विचारूच नका. घाई केली की आत अडकलेलं सॉल्व्हंट पुढे गरम होऊन सेन्सरचा रबरी पॅच उचलतं. पॅच बसवल्यावर स्टिचरने, म्हणजे दाबायच्या छोट्या चाकाने, मधून कडेकडे दाबत या.

सुटलेला सेन्सर आत गोल फिरत राहतो. त्याची ओळख सोपी आहे. दाब स्थिर, पण सिग्नल कधी येतो कधी जातो, आणि रिकामी गाडी हळू चालवली की ठकठक ऐकू येते. तो तसाच ठेवला तर लायनर सोलतो.

टायरमध्ये पंक्चरचं द्रव किंवा थंडाव्याचं द्रव घालत असाल तर विक्रेत्याला आधी विचारा. सेन्सरचं दाबाचं छिद्र त्या चिकट लगद्याने बुजतं आणि आकडा एका जागी गोठतो. लोडरच्या टायरमध्ये वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असेल, तर आतला सेन्सर त्यात बुडून गंजणार. तिथे झाकणाचाच घ्यावा लागतो.

रेडिओबद्दल दोन गोष्टी. पहिली, अमेरिकेहून मागवलेला संच ९१५ मेगाहर्ट्‌झचा असू शकतो. आपल्याकडे त्याच्या जवळची, परवान्याविना वापरायची पट्टी ८६५ ते ८६८ आहे, त्यामुळे ऑर्डर देण्याआधी फ्रिक्वेन्सी लेखी घ्या. दुसरी, ४३३ मेगाहर्ट्‌झची लाट सुमारे ६९ सेंटिमीटर लांब, तर २.४ गिगाहर्ट्‌झची जेमतेम १२. स्टीलच्या तारा, रिम आणि डंपरची बॉडी यांच्यातून वाट काढायला लांब लाट बरी. तरीही मागच्या आतल्या दोन टायरांचा सिग्नल केबिनपर्यंत अडखळतो. मागच्या ॲक्सलजवळ एक रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र, धरूनच किंमत विचारा. तो कोटेशनमध्ये नसेल तर नंतर वेगळा घ्यावा लागतो. ॲन्टेना केबिनच्या छताखाली नको, बाहेर खुल्या पत्र्यावर बसवा, आणि तिची केबल हायड्रॉलिक होजसोबत बांधू नका.

आता मर्यादा. थंड दाबाच्या दहा टक्के खाली पहिला इशारा, वीस टक्के खाली गाडी बाजूला. तापमानाला आतल्या हवेचे ८० अंश हा आमचा पहिला टप्पा, ९० वर गाडी थांबवायची. लक्षात ठेवा, हवा ९० असते तेव्हा बेल्टच्या, म्हणजे टायरमधल्या स्टीलच्या पट्ट्यांच्या, कडेचं रबर त्याहून तापलेलं असतं आणि सेपरेशन, म्हणजे थर सुटणं, तिथूनच सुरू होतं. टायर निर्मात्याने वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच लावा.

तापलेल्या टायरची हवा सोडू नका. हे टायर शॉपच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं असं आहे. ७० अंशांवर ११७ दिसतात म्हणून कोणी १०० वर आणले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर ८५ वर असतो. त्यावर दिवसभर माल वाहिला की आणखी ताप, पुन्हा जास्त दाब, पुन्हा हवा सोडणं. या फेऱ्यात टायर मरतो.

८० चा इशारा वारंवार येत असेल आणि थंड दाब बरोबर असेल, तर दोष सेन्सरचा नाही, कामाचा आहे. टायरवरचा सरासरी भार टनांत आणि शिफ्टचा सरासरी वेग यांचा गुणाकार करा. शंभर टनी गाडीच्या पुढच्या टायरवर रिकामी असताना साधारण १७ टन, भरल्यावर २६, सरासरी २१.५. ताशी २० किलोमीटर सरासरी धरली तर टीकेपीएच (टन-किलोमीटर प्रति तास) ४३० येतो. टायरचा स्वतःचा टीकेपीएच याहून जास्त हवा. निर्मात्याने टायरसाठी दिलेला आकडा ३८ अंश बाहेरच्या तापमानाला धरलेला असतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तो आकडा खाली आणावाच लागतो. उपाय म्हणजे लांब हॉल रोडवर (खाणीतल्या माल वाहायच्या रस्त्यावर) वेग कमी करणं, बकेट भरताना जास्तीचा ढीग टाळणं, नाहीतर उष्णता सोसणाऱ्या कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) टायर घेणं. सेन्सरचा खरा पैसा इथे वसूल होतो, कारण कोणत्या रस्त्यावर, कोणत्या तासाला टायर तापतो हे त्याच्या नोंदींतून कळतं. नोंदी साठवून बाहेर काढता येत नसतील तर तो संच घेऊ नका, मग पडदा कितीही मोठा असो.

चाकांचे क्रमांक चुकणं हा सगळ्यांत जास्त दिसणारा दोष. पुढचा डावा १, पुढचा उजवा २, मग मागे डावीकडून ३, ४, ५, ६. म्हणजे आतले ४ आणि ५. पुढचे टायर थोडे झिजले की मागे जातात, आणि त्या दिवशी सेन्सरचा नवा क्रमांक यंत्रात घातला नाही तर इशारा एका चाकाचा आणि तपासणी दुसऱ्याची. टायर बदलाच्या जॉब कार्डवर सेन्सरच्या नंबरासाठी वेगळा रकाना हवा, आणि गाडी सोडण्याआधी प्रत्येक चाकाची थोडी हवा सोडून पडद्यावर तेच चाक हलतं का ते पाहायचं. अर्थात थंड टायरवर. नंतर हवा परत भरायची.

बहुतेक सेन्सरांची बॅटरी आतच बंद केलेली असते, बदलता येत नाही. सेन्सर किती अंतराने सिग्नल पाठवतो आणि किती उष्णतेत राहतो यावर तिचं आयुष्य ठरतं, म्हणून वॉरंटी वर्षांत विचारण्याऐवजी तुमच्या सिग्नलच्या अंतराला आणि ७० अंशांना धरून विचारा. नवा टायर चढवताना जुना, अर्धा संपलेला सेन्सर पुन्हा चिकटवणं परवडत नाही. मधेच तो मेला तर फक्त त्याच्यासाठी टायर उतरवावा लागतो.

एक गोष्ट या कोणत्याही सेन्सरच्या हातात नाही. टायरवर वीज पडली, गाडी विजेच्या तारेला लागली किंवा चाकाला आग लागली, तर आतलं रबर जळून वायू होतात आणि टायर बऱ्याच वेळानंतरही फुटू शकतो. तेव्हा पडद्यावर आकडा काय आहे ते बघायला जवळ जायचं नाही. माणसं ३०० मीटर लांब, २४ तास. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये हा धोका बराच कमी असतो, म्हणून सेन्सरच्या बजेटमध्येच नायट्रोजनच्या यंत्राचाही विचार करा.

पुण्याची ट्रील, जी आता जेके टायरकडे आहे, तिच्यासारख्या देशी कंपन्यांचे सेन्सर टिपर आणि ट्रकच्या ताफ्याला सोयीचे पडतात, कारण सुटे भाग आणि माणूस जवळ मिळतो. शंभर टनी गाडीसाठी मात्र विक्रेता कोणताही असो, एका डंपरवर, सहाही चाकांना, एप्रिल-मेमध्ये चाचणी मागा. रोज सकाळी गाडी थंड असताना हाताच्या गेजने दाब घ्या आणि पडद्याशी ताडा. दोघांत दोन-तीन पीएसआयहून जास्त फरक सतत राहिला तर आधी गेज तपासून आणा, मगच सेन्सरला दोष द्या.