पॅलिसेड्स पार्कमधली रविवारची न्याहारी आणि आईचा सातू

आई चिपळूणहून आली की सुरुवातीचे पंधरा दिवस बाहेर जेवायचं नाव काढत नाही. यंदा मात्र आठव्या दिवशीच तिने विचारलं, "त्या कोरियन मावशींकडे परत कधी जायचं?" तीन रविवार झालेत आता, म्हणून लिहायला बसले.

न्यू जर्सीत पॅलिसेड्स पार्कला, ब्रॉड अव्हेन्यूच्या एका आडगल्लीत हे छोटंसं डायनर, म्हणजे साधं अमेरिकन खाण्याचं हॉटेल, आहे. २०१० च्या जनगणनेतच या गावात निम्म्याहून जास्त लोक कोरियन वंशाचे होते. दुकानांच्या पाट्याही आधी कोरियनमध्ये आणि मग जमलं तर इंग्रजीत. त्यातून बर्गन काउंटीत रविवारी कपड्यांची, फर्निचरची दुकानं कायद्यानेच बंद, त्यामुळे खरेदीची गर्दी नाही. जी काही गर्दी असते ती खाण्याच्या दारात.

आतला थाट जुन्या डायनरचाच आहे. लाल रेक्झिनची बाकडी, काउंटरपुढे आठ स्टुलं, टेबलावर केचपची बाटली आणि तिला खेटून गोचुजांगची, म्हणजे आंबवलेल्या कोरियन तिखट चटणीची. साठीच्या पुढच्या मालकीणबाई तवा सांभाळतात, मुलगी गल्ल्यावर असते. नेहमीची कोरियन गिऱ्हाइकं बाईंना "इमो" म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण, हे मुलीने सांगितल्यावर आईचा चेहरा खुलला. खानावळवालीला मावशी म्हणणारे आपणच, असं तिला वाटत होतं. तेव्हापासून ती त्यांना सरळ मराठीतच "मावशी" म्हणते आणि त्याही ओ देतात.

शक्यतो काउंटरला बसा आणि टोस्ट मागवा. कोरियात हा हातगाडीवर मिळतो, गिलगोरी टोस्ट, म्हणजे रस्त्यावरचा टोस्ट. बारीक चिरलेला कोबी, गाजर आणि कांद्याची पात अंड्यात फेटून मावशी तव्यावर ओततात, आणि उलथन्याने चारी कडा आत सारत सारत त्याचा बरोब्बर पावाएवढा चौकोन करतात. शेजारी लोण्यात पाव खरपूस होत असतो. कोरियात यात साधं हॅम घालतात, इथे घालतात टेलर हॅम. ट्रेंटनच्या जॉन टेलरने १८५६ मध्ये काढलेलं हे डुकराच्या मांसाचं जर्सीचं स्वतःचं प्रकरण. दक्षिण जर्सीत त्यालाच पोर्क रोल म्हणतात आणि नावावरून दोन्हीकडचे हमरीतुमरीवर येतात. चकती तव्यावर टाकण्याआधी मावशी तिला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर देतात, नाहीतर तापल्यावर तिची वाटी होते. मग केचप आणि वरून चिमूट-दोन चिमूट साखर. साखर ऐकून नाक मुरडू नका. कोबीचा उग्रपणा तिनेच मोडतो आणि टेलर हॅमचा खारटपणा जिभेवर नीट बसतो. अकरा डॉलरला पोटभर होतो. मुलगी सांगत होती, ती शाळेत असताना आई दुसऱ्याच्या डायनरमध्ये तव्यावर उभी असायची, आणि डब्यात हाच टोस्ट, याच हॅमचा. कोणीतरी मेनू ठरवायला बसून दोन देश एकत्र केलेत असं इथे कुठेच वाटत नाही, ते म्हणूनच.

किमचीचा, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या लोणच्याचा, भातही तसाच. आपल्या फोडणीच्या भातासारखा हाही शिळ्या भाताचाच. किमची मात्र मुरलेली, चांगली आंबट झालेली हवी. ताजी घातली तर नुसती तिखट लागते. मावशी भात तव्यावर पसरून जरा वेळ हात लावत नाहीत, मग खाली खरपुडी धरते. वर अंडं, आत स्पॅमचे तुकडे. डब्यातलं हे अमेरिकन मांस १९३७ पासूनचं. १९५० ते ५३ च्या युद्धात आणि नंतर, मांस दुर्मीळ असताना, अमेरिकन छावण्यांमधून ते कोरियन घरांत पोचलं आणि तिथलंच झालं. आज चुसोकच्या सणाला तिथे स्पॅमचे डबे सुंदर खोक्यात घालून भेट देतात.

शाकाहारी मंडळींसाठी एक सांगते. किमची म्हणजे कोबीचं लोणचं, तेव्हा चालेल, असं धरून चालू नका. तिच्यात बहुतेक वेळा खारवलेली बारीक कोळंबी किंवा माशाचं सॉस असतं. आम्ही कोकणातले, आईला पहिल्या घासालाच जवळा आठवला. इथे विचारलं तर स्पष्ट सांगतात की आमची किमची तुम्हाला चालणार नाही, आणि बटाट्याचं जॉन, म्हणजे कोरियन धिरडं, सुचवतात. बटाटा किसून पिळायचा, पाण्याच्या तळाशी बसलेलं सत्त्व परत किसात मिसळायचं आणि थालीपिठासारखं परतायचं. काठ कुरकुरीत, मधे चिवट-मऊ. हॅश ब्राउनपेक्षा मला हेच आवडलं.

वॉफल आणि चिकन मात्र दोन्ही वेळा फसलं. चिकन दोनदा तळलेलं, सुरेख, पण सिरप आधीच ओतून आणतात आणि टेबलावर येईपर्यंत वॉफलचा लगदा. सिरप वेगळं मागा. दुसऱ्या रविवारी यादीतून आमचं नाव सुटलं आणि आईला थंडीत चाळीस मिनिटं उभं राहावं लागलं. मुलीने मनापासून माफी मागितली, तरी दाराशी दोन खुर्च्या हव्याच. कॉफी पातळ आहे. त्यापेक्षा फुकट मिळणारा बार्लीचा चहा घ्या.

आणि मिसुगारू घ्याच. भाजलेल्या धान्यांचं पीठ, दूध, मध आणि बर्फ. आईने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, परत उचलला. "अगं, हा तर सातू!" खरंच, त्यात जव असतात, तांदूळ, सोयाबीन, तीळ असतात, आणि वासही अगदी भाजणीचा. मुलीने हे कोरियनमध्ये सांगितल्यावर मावशी आतून पिठाची पिशवीच घेऊन आल्या आणि आईच्या तळहातावर चमचाभर पीठ ठेवलं. आईने हुंगलं, चाटलं, आणि खुणेने सांगितलं, आमच्याकडे यात गूळ.

गेल्या रविवारी आईने पर्समधून गुळाची पुडी नेली होती. मावशींनी तो खडा तव्याशेजारी उलथन्याच्या दांड्याने फोडला आणि दोन पेले केले, बिनबर्फाचे. एक आईपुढे ठेवला, एक स्वतः उभ्या उभ्या प्यायल्या.