बॅटरी मेंटेनर: पाच महिन्यांनंतर

निवृत्तीनंतर आमचं ठरलेलंच आहे. नोव्हेंबरात अमेरिकेतलं गोठवणारं मिनियापोलिस सोडायचं, एप्रिलपर्यंत पुण्यात. पहिल्या वर्षी गाडी गॅरेजमध्ये लावली आणि निघालो. परत आलो तर बॅटरी फुगून तडकलेली. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ वगैरे मंडळी बॅटरीतून घोट घोट पितच असतात. उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठते. भरलेली असेल तर उणे पन्नासलाही गोठत नाही.

म्हणून गेल्या मोसमात दीड अँपिअरचा मेंटेनर घेतला, म्हणजे सॉकेटला लावून ठेवायचा आणि बॅटरी भरलेली राखणारा छोटा चार्जर. बॅटरी भरली की हा साडेतेरा व्होल्टच्या आसपास थांबतो, जास्त रेटत नाही. परतल्यावर तो काढला, गाडी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी मीटर लावला: १२.६८. पहिल्याच किल्लीत सुरू!

तक्रार एकच, आणि तीही मेंटेनरची नाही. फेब्रुवारीत शेजाऱ्याने फोटो पाठवला, मेंटेनरचा दिवाच बंद. गॅरेजमधलं जीएफसीआय सॉकेट (वीज गळतेय असं वाटलं की स्वतःच पुरवठा तोडणारं) ट्रिप झालं होतं. ते आपोआप पूर्ववत होत नाही, बटण दाबावं लागतं. मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर "खालचं नाही, वरचं बटण" करतोय आणि दारात भाजीवाला ओरडतोय. गॅरेजची किल्ली कुणाकडे तरी ठेवाच. शेजारी भला माणूस, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी चालू करतो म्हणत होता. नको म्हटलं. तेवढ्यात इंजिन धड तापत नाही, उलट ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

बाकी तयारी नेहमीची. टाकी फुल, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ नये म्हणून घालायचं रसायन), हँडब्रेक मोकळा (नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात), चाकांना लाकडी ठोकळे. उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबली, आणि ती काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला लाल दोरा बांधला.

आणि इतकं करून केबिनमध्ये हवा जाते ती वाट विसरलो. एप्रिलमध्ये ब्लोअर लावला तर असा वास की बायको गाडीतून उतरलीच. फिल्टर बाहेर ओढला तर त्यावर मऊ कापसाचं घरटं, सोबत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. शेजारी पक्ष्यांना घालतो, त्याच बिया. मागच्या सीटची गादी कुठे कुरतडली होती, ते नंतर सापडलं.

मेंटेनर घ्याच. यंदा मी घासण्यांची दोन पाकिटं आणून ठेवलीत.