रीजन एक नंबर, पण मागच्या डिस्ककडे कोण पाहणार?

पावसाळा सरता सरता माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून खरखर सुरू झाली. सर्व्हिस सेंटरने दोन्ही मागच्या डिस्क आणि पॅडचा सेट बदलायचं पाच आकडी एस्टिमेट दिलं. चाक खोलल्यावर दिसलं की आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जवळपास कोरा. म्हणजे कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) गाइड पिन, ज्यावर तो सरकतो, जाम. डिस्कवरचा गंज वरवरचा होता, जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या बरीच वर. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस भरलं, पॅड नवे टाकले, आवाज गेला. डिस्क त्याच आहेत. चांगली डिस्क भंगारात काढायला लावणं ही लूट आहे.

गोम रीजनमध्येच आहे, म्हणजे गाडी मंदावताना मोटरच जनरेटरसारखी चालून बॅटरी चार्ज करते त्यात. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं पेडल दाबलं तरी आधी मोटर गाडी आवरते, पॅड शेवटी लागतात. मागच्या ब्रेकवर मुळातच भार कमी. त्यात नागपूरचा दमट जुलै-ऑगस्ट, की डिस्क गंजते आणि पिना सुकतात.

फायदा मात्र खरा आहे. दीड टनाची गाडी ६० च्या वेगाने जाते तेव्हा तिच्यात साधारण ५८ वॉट-अवर ऊर्जा असते. मोटर, इन्व्हर्टर, बॅटरीतली गळती धरून त्यातली ६० टक्के परत वापरता आली, तर एका थांब्याला ३५ वॉट-अवर. वेग निम्मा असेल तर हाती चौथाच हिस्सा. वाडीहून अमरावती रोडने बर्डीत येताना सिग्नलमागून सिग्नल लागतात, तिथे लेव्हल ३ (रीजनची सर्वात जोरदार पातळी) पैसा वसूल.

सुरुवातीला सगळीकडे लेव्हल ३ च योग्य वाटायची. आता समृद्धीवर शून्य किंवा १ ठेवतो. एकसारख्या वेगात ऊर्जा खाते ती हवा, आणि हवेने खाल्लेलं रीजन परत देत नाही. शिवाय पाय उचलताच गाडी ओढली जाते, पुन्हा वेग घ्यावा लागतो आणि त्या येरझाऱ्यात चार्ज जातो. पुढे रस्ता मोकळा असेल तर गाडी नुसती वाहू देणं रीजनपेक्षा स्वस्त.

बॅटरी १०० टक्के भरली की रीजन जवळपास बंद होतं, कारण चार्ज घ्यायला जागाच नसते. डिसेंबरच्या गार सकाळीही ते कमी मिळतं. पहिल्या चौकात गाडी नेहमीसारखी आवरत नाही, तेव्हा पाय ब्रेकवर तयार हवा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी अधूनमधून पूर्ण भरावीच लागते. त्याच दिवशी मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ५०-६० वरून सात-आठ वेळा ब्रेक जरा दाबून मारायचे. पॅड डिस्कवरचा गंज खरवडून काढतात. गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नका. थोडी फिरवून, ब्रेक मारून डिस्क कोरडी करा, नाहीतर रात्रभरात पॅड चिकटतात.

पावसाळ्याआधी आणि नंतर पिना काढून साफ करायला सांगा. साधं ग्रीस नको, त्याने पिनांवरचे रबरी बूट फुगतात. पॅड ३ मिलिमीटरवर आला की बदला. पॅड झिजत नाहीत म्हणून ब्रेक ऑइल टाळू नका, ते हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलायचंच. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर मागचा पिस्टन आत दाबण्याआधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावला का, हे मेकॅनिकजवळ उभं राहून विचारा. तसाच दाबला तर कॅलिपरची मोटर जाऊ शकते, आणि तो खर्च डिस्कपेक्षा जड पडतो.