‘एक्सपोर्टचा माल’ म्हणून गळ्यात मारलेली फिक्सी

बडोद्यात ऑफिसला जायला-यायला स्वस्तातली फिक्सी, म्हणजे पायडल मागच्या चाकाशी पक्कं जोडलेली बिनगिअरची सायकल, घ्यावी का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. माझ्याकडे ती दिसायची म्हणून. आता का दिसत नाही, ते सांगतो.

आपलं शहर सपाट. दांडिया बाजारातून अकोट्याकडे जाताना विश्वामित्री नदीवरचा पूल लागतो, तेवढाच काय तो चढ-उतार. गिअर हवेत कशाला? सायकल हलकी, बिघडायला फारसं काही नाही. हा विचार तसा बरोबरच आहे, आणि दुकानदारही नेमका इथेच धरतो.

साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. उतारावर पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत फिरतं. फिक्सीत फ्रीव्हील नसतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि वेग कमी करायला पायडल पायांनी मागे रेटायचं. म्हणजे मागच्या दातेरी चकतीवर दोन्ही बाजूंनी जोर येतो. म्हणूनच खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे फिक्सीसाठीच बनवलेल्या चाकाच्या तुंब्यावर, आटे दोन पायऱ्यांचे असतात. मोठ्या पायरीवर सरळ आट्यांनी चकती बसते आणि तिच्यापुढच्या लहान पायरीवर उलट्या आट्यांची लॉकरिंग. पाय रेटल्यावर चकती सुटायला गेली की लॉकरिंग आणखी आवळली जाते. फिक्सीवर बसणाऱ्याचा जीव त्या रिंगेवर असतो.

जुन्या पेठेतल्या एका दुकानात साडेसहा हजारांना काळी, देखणी फिक्सी लावली होती. दांडीवर ‘क्रोमोली’ (हलकं, मजबूत मिश्र पोलाद) असं चकचकीत स्टिकर. दुकानदाराने खिशातून चुंबक काढून फ्रेमला टक्कन चिकटवला. ‘जुओ भाऊ, ओरिजिनल क्रोमोली. आ तो एक्सपोर्टनो माल छे.’ चुंबक कुठल्याही साध्या पोलादाला चिकटतो. फार तर फ्रेम ॲल्युमिनियमची नाही एवढं कळतं. पण तो ज्या झोकात चिकटवतात, त्यापुढे समोरचा गप्प बसतो. हब ट्रॅकचाच आहे ना, असं मी स्पष्ट विचारलं होतं. ‘सो टका,’ म्हणाला. बिल मागितल्यावर ‘पक्कं घेतलंत तर जीएसटी पडेल’ म्हणत कागदाच्या चिटोऱ्यावर ‘सायकल, नग १’ असं लिहून दिलं. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. साडेसहा हजारांवर जेमतेम सव्वातीनशे रुपये. ते माझे वाचावेत म्हणून त्याला एवढा कळवळा नव्हता. पक्क्या बिलावर मॉडेल लिहावं लागलं असतं, खरी अडचण ती.

सुरुवातीला सायकल झकास चालली. मग एका संध्याकाळी अकोट्याच्या पुलावरून उतरताना पुढे रिक्षा अचानक थांबली. मी पाय रेटले आणि पायडल एकदम मोकळं होऊन मागे गरकन फिरलं. पायांखाली जोर लागायला काहीच उरलं नाही. पुढचा ब्रेक होता म्हणून वाचलो, तरी रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर कोपर सोलवटलंच. रिक्षावाल्याने खास बडोदी शिव्या घातल्या, त्या रास्तच होत्या.

सायकल ढकलत रावपुऱ्यातल्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी चाक काढून चकती हातानेच फिरवली, तर ती बरणीच्या झाकणासारखी सुटून आली. आट्यांवर वाळलेल्या गोंदाचे पिवळट पापुद्रे होते. ‘अहो, हा फ्रीव्हीलचा हब आहे,’ काका म्हणाले. आटे एकाच पायरीचे. त्यावर ट्रॅकची चकती चढवलेली आणि बाहेरून पायडलच्या ॲक्सलजवळची, बॉटम ब्रॅकेटची रिंग आवळलेली. दोन्हीकडे माप एकच, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, म्हणून ती बेमालूम बसते. पण तिचे आटे सरळ असल्यामुळे चकती सुटू लागली की तीही सोबत सुटते. परदेशातले सायकलवाले अशा हबला सरळ ‘सुसाइड हब’ म्हणतात.

मग काकांनी फ्रेमवर बोट फिरवायला सांगितलं. मागच्या चाकाच्या खाचेखाली रंगाच्या आत कानशीचे ओरखडे लागत होते. तिथे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) अडकवायचा कान होता, तो कापून घासून टाकलेला. म्हणजे जुन्या गिअरच्या सायकलीला रंग फासून फिक्सी केलेली. खाचही उभी, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणायची सोय नाही. फिक्सीची ढिली चेन चालत्या सायकलवर उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

दुकानदार म्हणाला, ‘फिक्सी अशीच असते, तुम्हाला चालवता येत नाही.’ पैसे परत नाहीच, हवी तर बदल्यात त्याच लॉटमधली दुसरी घ्या म्हणे!

तुम्ही बघायला जाल तेव्हा मागची रिंग समोर उघडून दाखवायला सांगा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटली तर ती खरी लॉकरिंग. उलट दिशेने सुटली, किंवा ‘उघडली की वॉरंटी जाते’ असं उत्तर आलं, तर उठून या. चाकाची खाच आडवी, मागे उघडणारी असावी. पुढचा ब्रेक नसलेली सायकल चालवूनसुद्धा बघू नका. आणि माझं मत विचाराल, तर मांडवीच्या गर्दीत, गाई आणि ॲक्टिव्हांच्या मधून ऑफिस गाठायचं असेल तर फिक्सी हवीच कशाला? फ्रीव्हीलची साधी सिंगल-स्पीड घ्या. फारच हौस असेल तर एका बाजूला फ्रीव्हील नि दुसऱ्या बाजूला पक्की चकती बसणारा फ्लिप-फ्लॉप हब मिळतो, पण तोही उघडून बघूनच.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तरीही दुकानदाराने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. चिटोरा, यूपीआयची नोंद, हबचे फोटो आणि काकांनी लिहून दिलेलं सगळं जपून ठेवलंय. त्या लॉटमधली कोणी घेतली असेल, तर आधी मागचं चाक उघडून घ्या, मगच सायकलवर बसा.